मोठ्या डेल्फिनची साथ

वसईजवळच्या वटार गावातल्या त्या आळीत दोन डेल्फिन होत्या. विहिरीजवळच्या घरातली काटकुळी, तिला बारकी डेल्फिन म्हणत, आणि क्लेमेंट तुस्कानोची बायको ती मोठी डेल्फिन. यात चिडवणं वगैरे काही नव्हतं. एका नावाच्या दोघी असल्या की हाक मारायला काहीतरी खूण लागते, एवढंच. पोस्टमनसुद्धा "मोठी की बारकी?" असं विचारून पत्र देई, आणि फोन आला की ही स्वतःच सांगायची, "मोठी बोलते."

आणि होतीही ती मोठीच. चर्चमध्ये ज्या बाकावर चार बायका बसायच्या तिथे ती असली की तिघीच मावायच्या. तरी तिच्या शेजारची जागा मिळवायला आळीतली पोरं भांडायची, कारण फादरांचं प्रवचन लांबलं की तिच्या दंडावर डोकं टेकून बिनघोर झोपता येई. सणाला, लग्नाला फुगे तळायचे असले की कढईसमोर हीच बसणार. मैद्याचं आंबवलेलं पीठ मुठीत घ्यायचं, अंगठ्याजवळून गोळा दाबून तेलात सोडायचा, की तो टम्म फुगून वर येतो. "माझ्यासारखे आले बघा," असं म्हणून ती सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची. वाडीतली कामंही तिला कधी जड गेली नाहीत. केळीचे घड उतरवणं, मोगरा खुडणं, पानवेलीला पाणी लावणं, सगळं ती क्लेमेंटच्या बरोबरीने करी.

क्लेमेंट अंगाने अगदीच किरकोळ. त्याला बायकोचं वजन कळायचं ते गाडीवर. त्याची जुनी एम-एटी होती. ती मागे बसली की गाडीचं ढुंगण खाली जायचं, पुढचं चाक हलकं व्हायचं, आणि "बसली, चल" असं ती म्हणायच्या आधीच त्याला समजलेलं असायचं. वळणावर कसं झुकायचं, ब्रेक किती आधी दाबायचा, हे सगळं त्याने तिला मागे घेऊनच शिकून घेतलं होतं. एकट्याने गाडी चालवायची वेळ आली की तो उलट डगमगायचा.

दोन हजार तीन सालच्या नोव्हेंबरात एका रविवारी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना संपल्यावर फादरांनी सूचना वाचली. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये डॉक्टर हर्षवर्धन खानोलकर यांचं व्याख्यान, विषय 'लठ्ठपणाची साथ'. आता वसईत साथ म्हटली की लोकांना गॅस्ट्रो आठवतो, मलेरिया आठवतो, धूर मारत फिरणारी गाडी आठवते. बारकी डेल्फिनने सूचना अर्धीच ऐकली आणि घरी जाऊन प्यायच्या पाण्याचा हंडा उकळायला ठेवला. तिला खरं काय ते कळलं तेव्हा आळी दोन दिवस हसत होती.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नालासोपाऱ्यात त्याचा दवाखाना होता आणि आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना तो रविवारी फुकट तपासायचा. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली, आलेख दाखवले. जगभरातले तज्ज्ञ आता याला साथच म्हणतात, असं तो म्हणाला. "तुमचे आजोबा वाडीत चालत जायचे, तुम्ही गाडीवर जाता. वाडी विकून इमारत झाली तर तेवढंही जात नाही. साखरेचे पेशंट मी इथे आलो तेव्हा किती होते आणि आता किती आहेत, ते मी रोज बघतो. ही साथ नाही तर काय आहे?"

फ्रान्सिस मास्तर उठले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण हॉलमध्ये कोणी बोललं की त्याला मार्क द्यायची सवय सुटली नव्हती. "डॉक्टर, बाकी तुमचं पटतं. शब्द पटत नाही. साथीला जंतू लागतो. जाड माणसाच्या शेजारी बसून कोणी जाड होत नाही. आणि साथ म्हटलं की लोक आजारापासून नाही, माणसापासून लांब पळतात. आमच्या वडिलांनी देवीची साथ पाहिली होती, तेव्हा सख्ख्या भावाने भावाला दार उघडलं नव्हतं."

"मास्तर, एकाच घरात सगळे जाड का असतात?" डॉक्टरने विचारलं. "एका पातेल्यातून जेवतात म्हणून. सवय लागते. तीही लागणच झाली. शब्द कडक वापरल्याशिवाय लोक जागे होत नाहीत."

सगळ्यांच्या माना नकळत एकाच बाकाकडे वळल्या. मोठी डेल्फिन उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "डॉक्टर, मंग मला आता वाळीत टाकनार काय?" हॉल खदखदून हसला. तिच्या शेजारून क्लेमेंटही उठला. इतक्या लोकांत तोंड उघडायचा त्याचा स्वभाव नव्हता, पण त्या दिवशी त्याला चेव आला. "तीस वर्षं मी हिला साथ देतोय डॉक्टर, मला तर नाय लागली!" स्वतःची हाडकुळी छाती ठोकून तो म्हणाला. डॉक्टरसुद्धा पोट धरून हसला. डेल्फिनने नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि तो आठवडाभर तेच पुन्हा पुन्हा सांगत सुटला.

पण हॉलमध्ये एक माणूस हसलं नव्हतं. त्यांची मुलगी ॲंजेला. ती वसईला फ्लॅटमध्ये राहायची आणि सातिवलीच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम करायची. तिची मुलगी रेनिशा पाच वर्षांची होती. दर शनिवारी आजीकडे यायची ती रविवारी संध्याकाळी जायची. गुबगुबीत गालांची होती पोर, आणि शाळेत कोणीतरी तिला काहीतरी बोललं होतं. पुढच्या शनिवारी रेनिशा आली नाही. ॲंजेलाचा फोन आला.

"मम्मी, रागवू नकोस. डॉक्टर म्हणाले ना, एका पातेल्यातून लागतं. ती तिथे आली की फुगे, केळी, परत फुगे. आणि तुला बघून तिला वाटतं, असंच असायचं असतं. थोडे दिवस नाही पाठवत मी तिला. तू जरा वजन उतरव, मग बघू."

डेल्फिन "बरं" म्हणाली. तिने फोन ठेवला. क्लेमेंटला कळलं तेव्हा त्याचं डोकं फिरलं. तो तिथल्या तिथे वसईला जाऊन मुलीला फैलावर घेणार होता. "तुझ्या आईच्या मांडीवर वाढलीस तेव्हा तुला काय लागलं होतं?" असं विचारायचं त्याने ठरवलं होतं. डेल्फिनने त्याच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली. "तिचंबी बरोबर हाय," ती म्हणाली. "पोरीला माझी साथ लागली तर?" हे ती हसून म्हणाली नाही, आणि क्लेमेंटला पहिल्यांदा आपल्या त्या हॉलमधल्या विनोदाची लाज वाटली.

तिला बाकी काही नको होतं. शनिवारी ती पोर अंगणात यावी, चपला भिरकावाव्यात आणि धावत येऊन मांडीवर आदळावी, एवढंच हवं होतं. त्यासाठी ती वाटेल ते करायला तयार होती.

जानेवारीत हॉलमध्ये 'हलकं होऊ या' नावाचा उपक्रम सुरू झाला. रविवारी मिस्सेनंतर वजन करायचं, आणि ईस्टरला ज्याचं सगळ्यात जास्त उतरेल त्याला बक्षीस. डेल्फिनने पहिल्याच दिवशी नाव दिलं. काट्यावर ती उभी राहिली तेव्हा मागच्या बायकांनी मुद्दाम छताकडे बघितलं. सकाळी ती समुद्राच्या रस्त्याने चालायला जाऊ लागली. भात सोडला, साखर सोडली. पण पाठ दुखायला लागली. पोटात वरच्या बाजूला कळ उठायची आणि थेट मागे जायची, जेवल्यावर जास्त. ती डॉक्टर खानोलकरकडे गेली. क्लेमेंटही बरोबर होता.

डॉक्टरने वजन घेतलं, रक्तदाब बघितला, रक्त तपासायला पाठवलं. साखर थोडी वर निघाली. "हे बघा काकू," तो म्हणाला, "एवढं ओझं रोज पाठीनं उचलायचं म्हटल्यावर ती तक्रार करणारच. साखरही त्यामुळेच. वजन उतरवा, दोन्ही गोष्टी जागेवर येतील." मग त्याने कोपऱ्यातल्या तपासायच्या टेबलाकडे हात केला. टेबल होतं अरुंद. डेल्फिन त्याच्याकडे बघून म्हणाली, "ह्याच्यावर मी मावनार नाय हो डॉक्टर, तुम्हालाच खाली टेकू द्यावा लागंल." डॉक्टर हसला, क्लेमेंट हसला, आणि टेबलावर झोपवून तपासायचं तसंच राहून गेलं. बाहेर आणखी वीस माणसं खोळंबली होती.

मग राखेचा बुधवार आला, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला, आणि डेल्फिनने त्या वर्षीच्या उपवासकाळासाठी देवाकडे एकच गोष्ट मागितली. दुसरे लोक मटण सोडतात, दारू सोडतात. तिने मागितलं, देवा, माझी भूकच काढून घे. आणि काय सांगावं, पंधरा दिवसांत भूक खरंच गेली. मासळीच्या कालवणाचा वास आला तरी तिला उमासे येऊ लागले. दोन घास पोटात गेले की पुरे. हे तिने फक्त क्लेमेंटला सांगितलं, तेही चर्चमधून येताना, दबक्या आवाजात. "मी मागितलं आनि दिलं त्यानं." तिचे डोळे भरून आले होते. पाठीतली कळ तिने कोणाला सांगायचीच सोडली. क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेत ती गुडघे टेकायची तेव्हा ओठ घट्ट मिटून घ्यायची. उपवासकाळात दुखणं देवाला वाहायचं असतं, असं ती लहानपणापासून शिकली होती.

आता या आळीत उपवासकाळात एखादी बाई जेवत नाही म्हणून कोण काळजी करणार? उलट मान देणार. आणि ती बाई आधीच वजन उतरवायच्या मागे असली, तर मग विचारायलाच नको. दर रविवारी काटा खाली येत होता आणि टाळ्या वाढत होत्या. बायका रस्त्यात थांबवून विचारायच्या, "काय करते गं, आम्हालापन सांग." बारकी डेल्फिन म्हणाली, "असंच चाललं तर लोक माझं नाव तुला देतील." फादरांनी प्रवचनात नाव न घेता 'आपल्या एका भगिनी'चं कौतुक केलं. सगळ्यांना कळलं कोण ते. डेल्फिन मान खाली घालून बसली होती. तिच्या शेजारी आता चौथी बाई आरामात बसू शकत होती आणि टेकून झोपायला एकही पोर येत नव्हतं.

मार्चमधल्या एका शनिवारी ॲंजेला रेनिशाला घेऊन आली. आईला बघून तिने दारातच मिठी मारली. "मम्मी, काय मस्त दिसतेस! फोटोच काढला पाहिजे." रेनिशा नेहमीसारखी धावत आली आणि मांडीवर आदळली. जरा वेळ इकडे सरकली, तिकडे सरकली. मग उठून उभी राहिली.

"आजी, तुझी मांडी टोचते."

ॲंजेला हसली. डेल्फिनही हसली. तिने खुर्चीवर उशी ठेवली, पोरीला उशीवर बसवलं आणि आपण खाली बसली. क्लेमेंट ओट्यावरून हे बघत होता. तो काहीतरी विचारणार होता, पण घरात इतक्या दिवसांनी ती पोर किलबिलत होती, म्हणून त्याने ते मनातच ठेवलं.

त्याला कळत नव्हतं असं नाही. गाडीवर ती मागे बसली की आता त्याला काहीच जाणवायचं नाही. एकदा तो अर्ध्या रस्त्यावर थांबला आणि मागे वळून बघितलं, ती पडली की काय म्हणून. ती तिथेच होती, दोन्ही हातांनी त्याचा सदरा धरून. तेव्हापासून गाडी सुरू करायच्या आधी तो विचारायला लागला, "बसलीस ना?" आणि ती म्हणायची, "बसली, चल." तीस वर्षांत हे विचारायची वेळ आली नव्हती. एकदा तो म्हणाला, "डॉक्टरला परत दाखवूया काय?" ती चिडली. तिचं चिडणं त्याने फार थोड्या वेळा पाहिलं होतं. "आता कुठे उतरतंय, तर तू मोडता घालू नको. पोरगी यायला लागली ना? झालं तर मंग." आणि त्याने मोडता घातला नाही. पुढे जन्मभर त्याला जे खात राहिलं ते हे. डॉक्टरने बघितलं नाही ते नाही, आपल्याला दिसलं आणि आपण गप्प बसलो, ते.

ईस्टरच्या संध्याकाळी हॉल भरला होता. बक्षीस अर्थातच मोठ्या डेल्फिनला. बक्षीस काय, तर पायात घालायचे चालण्याचे बूट, चांगले पांढरेशुभ्र. डॉक्टर खानोलकरने तिला स्टेजवर बोलावलं. "लठ्ठपणाच्या साथीला कसं हरवायचं, ते या काकूंकडून शिका," तो माइकवर म्हणाला. टाळ्या पडल्या. फोटो काढणारा म्हणाला, "डॉक्टर, मॅडमकडे बघा." डॉक्टरने खोका तिच्या हातात देत तिच्याकडे बघितलं, अगदी जवळून, फोटोसाठी लावलेल्या मोठ्या दिव्याच्या उजेडात.

क्लेमेंट पहिल्या रांगेत होता. डॉक्टरचं हसू त्याने विझताना पाहिलं. टाळ्या चालूच होत्या. डॉक्टरने माइक बाजूला केला आणि हळूच म्हटलं, "काकू, जरा वर बघा. डोळे वर करा." तिने डोळे वर केले. डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं. घरात इतके दिवस ते कोणाला दिसलं नव्हतं, किंवा दिसूनही मनावर घ्यायचं सुचलं नव्हतं. डॉक्टरने तिचा हात धरला, तो तिला स्टेजवरून खाली आणून मागच्या खोलीतल्या बाकावर आडवं करेपर्यंत सोडलाच नाही. त्या अरुंद बाकावर ती सहज मावली. त्याने पोटावर हात ठेवून दाबून पाहिलं आणि चिठ्ठी लिहायला कागद मागितला.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. असा एक अवयव आपल्या पोटात असतो, हेही क्लेमेंटला तोवर माहीत नव्हतं. त्याने तिथल्या डॉक्टरांना एकच विचारलं, जानेवारीत आलो असतो तर? ते म्हणाले, हा आजार फार फसवा असतो, तेव्हाही हाती फारसं काही नसतं, कदाचित. ते 'कदाचित' त्याने बरोबर घरी आणलं. पुढे कुणी काही म्हणालं की त्याला ते आठवायचं. जगली नसती, असं धरून चालू. पण मग शेवटचे ते बरे महिने तिने काट्यावर चढण्यात आणि उपाशी राहण्यात का घालवावेत? निदान हवं ते खाऊन, नातीला घेऊन, हसत तरी घालवले असते. या विचाराने तो वाडीत एकटा असताना मोठ्याने रडायचा.

डॉक्टर खानोलकर घरी आला. कोणी बोलावलं नव्हतं. डेल्फिनच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसला. "काकू, मी तुम्हाला त्या दिवशी टेबलावर झोपवून तपासायला हवं होतं."

"मीच म्हनाली, मावनार नाय," ती म्हणाली.

"तुम्ही म्हणालात म्हणून काय झालं? माझं काम होतं ते."

तिच्या मनात राग नव्हता, पण खोटं बोलून समोरच्याला मोकळं करायचं, हेही तिला जमत नसे. "तुम्ही आख्ख्या गावाला बघितलं, डॉक्टर," ती म्हणाली. "मला बघायचं तेवढं राहिलं."

डॉक्टरने चष्मा काढला आणि तो पुसत बसला. बाहेर अंगणात फ्रान्सिस मास्तर भेटले. डॉक्टर त्यांना म्हणाला, "मास्तर, तुमचं बरोबर होतं." मास्तरांनी या वेळी मार्क दिले नाहीत. "नाही हो," ते म्हणाले. "माझ्या भावाचा पाय साखरेनं गेला. तुम्ही सांगत होतात ते खोटं कुठे होतं? तो शब्द तेवढा जड होता. तो तिच्या एकटीच्या अंगावर पडला."

मे महिन्यात एके दिवशी डेल्फिनने मुलीला सांगितलं, फुगे कर. ॲंजेलाने कधी फुगे तळले नव्हते. डेल्फिनला खुर्चीत बसवून स्वयंपाकघरात आणलं. ॲंजेला मुठीतून गोळे सोडत होती, ते चपटे होत होते, आणि ती रडत होती. "मम्मी, मी रेनिशाला थांबवलं नसतं तर तू हे काही केलं नसतंस. आपल्याला आधी कळलं असतं."

"अंगठा घट्ट धर," डेल्फिन म्हणाली. "पीठ सुटतंय."

"मम्मी, ऐकतेस ना?"

"ऐकते गं. तू तुझ्या पोरीसाठी घाबरली. मीपन माझ्या पोरीसाठी घाबरायची. आता तो बघ, तो फुगला."

रेनिशाने पाच फुगे खाल्ले. ॲंजेलाने तिला अडवलं नाही. डेल्फिनने एक हातात घेतला, नाकाशी नेला आणि परत ताटात ठेवला. मागितलेलं देवाने दिलं होतं, ते परत घे म्हणायला आता उशीर झाला होता. त्या संध्याकाळी खाटेवर पडल्या पडल्या तिने क्लेमेंटला जवळ बोलावलं. "तुला नाय ना लागली माझी साथ?" तिने विचारलं. डोळ्यांत थोडी जुनी मिस्कील चमक होती. हॉलमधलं ते बोलणं ती विसरली नव्हती. क्लेमेंटला हसायचं होतं, पण जमलं नाही. "लागली," तो म्हणाला, "लागली गं," आणि त्याने तिच्या हातावर आपलं कपाळ टेकलं. तीस वर्षांत त्याने तिला सांगितलेली सगळ्यात खरी गोष्ट तीच होती.

जूनमध्ये ती गेली. चर्चची घंटा वाजली, आणि कोणीतरी सेबॅस्टियनला फोन केला. सेबॅस्टियन सुतार, आसपासच्या गावांतल्या शवपेट्या तोच करतो. तो सहा महिने मुलाकडे होता आणि कालच परतला होता. फोनवर त्याला एवढंच सांगितलं, मोठी डेल्फिन गेली. मापं घ्यायला यायची त्याला गरज वाटली नाही. तिला त्याने वर्षानुवर्षं कढईसमोर बसलेलं पाहिलं होतं. त्याने नेहमीपेक्षा रुंद फळ्या काढल्या, तळाला जाड पट्ट्या ठोकल्या, आणि आदराने, नीट, मोठी पेटी केली.

तिला पेटीत ठेवलं. लाल लुगड्यातली ती पेटीच्या मध्यावर एवढीशी दिसत होती आणि दोन्ही बाजूंना जागाच जागा होती. सेबॅस्टियन दारातच मटकन खाली बसला. "मला कोणी सांगितलं नाय रे," तो म्हणाला, "मला वाटलं मोठी..." बारकी डेल्फिन पदर तोंडात कोंबून मागच्या दारी गेली. ॲंजेला चादरी आणायला धावली, कडेला भरायला. क्लेमेंटने तिला थांबवलं.

"काय भरू नका," तो म्हणाला. "तेवढी तिचीच जागा हाय."

तो वाडीत गेला आणि मोगऱ्याची टोपली घेऊन आला. त्या रिकाम्या जागेत त्याने फुलं ओतली नाहीत, हाताने एकेक ओंजळ ठेवली. रेनिशाने उरलेली ठेवली.

पेटी उचलायला एरवी सहा माणसं असतात. मोठ्या डेल्फिनसाठी आठ बोलावली होती, चांगली कसदार, वाडीत काम करणारी. हेही कुणीतरी आधीच, विचार न करता ठरवून ठेवलं होतं. त्यांनी पाय रोवले, कंबर कसली, एकमेकांकडे बघून दम घेतला आणि सगळा जोर लावून पेटी उचलली.

पेटी झटक्यात वर आली. इतकी वेगाने, की पुढचा माणूस मागे तोल जाऊन भिंतीला टेकला आणि आतली फुलं सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आठही जण खजील होऊन तसेच उभे राहिले.

क्लेमेंट पेटीच्या मागे चालणार होता. तो पुढे झाला, लाकडावर हात ठेवला आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "बसलीस ना?"

उत्तरासाठी तो थांबला. मग त्याने माणसांना, हळू चला, अशी खूण केली.